फिलीपनं विणलेला क्रूस

आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी मला अंधश्रद्धाळू म्हणायला नको. मी देव मानतो, चमत्कार मानत नाही. दर रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जातो, पण अमक्या मूर्तीच्या डोळ्यांतून पाणी आलं असं कुणी सांगितलं, की मी आधी वर बघतो, छप्पर गळतंय का ते! धंदाच तसा आहे माझा. मोटर रिवायंडिंग. घोडेगावात दुकान. विहिरीवरची जळकी मोटर घेऊन गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "काय झालं काय न्हाई भाऊ, आपोआप जळली." अरे, आपोआप काही जळत नसतं! कुठंतरी शॉर्ट असतो, बेअरिंग धरलेलं असतं, कारण सापडतंच. आणि अशा माणसाच्या हातात एक वस्तू आली, जी जळायला पाहिजे होती आणि जळली नाही… तिचं कारण मात्र मला आजतागायत सापडलेलं नाही.

या सदरातले अनुभव मी वाचत असतो. बहुतेकांत रात्र असते, घाट असतो, गाडीला हात करणारी बाई असते. माझ्या अनुभवात यातलं काही नाही. भर दुपार होती. चर्चचं मागचं अंगण होतं. आम्ही चौघं हजर होतो — मी, माझी धाकटी बहीण सुमन, आमची सुमी, तिची सासू मार्थामावशी आणि आमचे फादर बेंजामिन. चौघांनीही एकच पाहिलं. आणि खरं सांगू? त्याची भीती मला तेव्हाही वाटली नाही आणि आताही वाटत नाही. राग येतो. लई राग येतो.

आमचं गाव घोडेगावहून डिंभ्याकडं जाताना लागतं. नाव देत नाही, माणसं अजून तिथंच राहतात. कॅथलिक घरं मोजकी, बाकी सगळी शेतकरी मंडळी. चर्च म्हणजे पत्र्याची लांबट इमारत, पुढं सिमेंटचा क्रूस, शेजारी मिशनचं बोर्डिंग आणि फादरांच्या दोन खोल्या. नाताळाला सगळं गाव आमच्याकडं फराळाला येतं आणि जत्रेच्या पंगतीला आम्ही त्यांच्याकडं. भांडणंही तेवढीच. तर तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं.

फिलीप म्हणजे सुमीचा नवरा. डिंभ्याच्या धरणावर ठेकेदाराकडं मासे धरायच्या कामाला होता. ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून जाळं टाकायचा. लग्नाला पुरतं वर्षही झालं नव्हतं. एक दिवस सकाळी पाण्यावर गेला तो परत आलाच नाही. ट्यूब काठाला लागलेली सापडली, जाळं सापडलं, जाळ्यात मासेसुद्धा होते… फिलीप नाही. पाणबुडे घातले, गळ टाकले, गाळ उपसला. काही नाही. पोहणारा गडी होता हो तो! मग नेहमीसारखी तोंडं सुटली. कुणी म्हणे कल्याणच्या एस.टी.त दिसला, कुणी म्हणे ठेकेदाराशी भांडून परमुलखात गेला. प्रत्येक बातमीच्या मागं मी स्वतः जाऊन आलो. एकही खरी निघाली नाही.

घरात राहिल्या दोन बायका, सासू आणि सून. सुमीला मी माहेरी न्यायला गेलो तर म्हणाली, "दादा, आत्याबाईंना एकटं टाकून कुठं येऊ?" बोर्डिंगात पोरांच्या भाकऱ्या थापायच्या कामाला लागली. मार्थामावशींनी फिलीपच्या चपला दाराआड ठेवल्या होत्या. रोज झाडलोट करताना त्या उचलायच्या, पुसायच्या आणि परत तिथंच ठेवायच्या. अशी वर्षांमागून वर्षं गेली.

मग स्टीफनचं स्थळ आलं. निमगाव साव्याचा, कॅथलिकच, बायको वारलेली, स्वतःचा टेम्पो. माणूस शांत. सुमीला पसंत होता, हे तिनं सांगितलं नाही, पण मी भाऊ आहे, मला कळलं. त्याचं नाव निघालं की ती चुलीत उगाच फुंकर मारत बसायची.

आता इथं आमच्या धर्मातली एक अडचण सांगायला पाहिजे. कोर्टात सात वर्षं माणसाचा पत्ता नसला की तो मेला असं धरतात. चर्चमध्ये तसं नाही. नुसतं बेपत्ता असून भागत नाही. तो खरंच मेलाय याची बिशपांना खात्री पटावी लागते, तसं त्यांनी ठरवावं लागतं, तेव्हा कुठं बाईला चर्चमध्ये दुसरं लग्न लावता येतं. आणि चर्चबाहेर लग्न केलं तर मिस्साला बसता येतं, पण प्रभुभोजन मिळत नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, मिस्सात फादर जी पातळ पांढरी भाकर देतात, ते प्रभुभोजन. आमच्यासाठी सगळा रविवार त्या एका घासासाठी असतो.

फादर बेंजामिन वसईकडचे, तरुण, धडपडे. म्हणाले, "बॉडी नाही म्हणजे साक्षीवरच सगळं येणार. आणि आईच्या साक्षीसारखी दुसरी साक्ष नाही. मार्थाबाईंनी सांगितलं की मुलगा पाण्यात गेला, तर काम होईल."

आई ती! कशी म्हणणार? मी मागं लागलो, फादर मागं लागले. मावशी जपमाळ ओढत भिंतीकडं बघत बसायच्या. आणि एक दिवस आपणहून दुकानात आल्या. म्हणाल्या, "भाऊ, पोरीच्या जातीनं किती दीस पायताणांकडं बघत बसावं? लावा तिचं. मी बोलते बिशपापुढं. पन एक हाय…"

"काय मावशी?"

"माझ्या पोराला माती न्हाई मिळाली. निदान राख तरी व्हऊ द्या."

त्या काय म्हणत होत्या ते मला लगेच समजलं. झावळ्यांच्या रविवारी आमच्यात आशीर्वादित पानं वाटतात. आमच्याकडं नारळ कुठला, आम्ही ओढ्याकडची शिंदीची पानं आणतो. लोक त्यांचे छोटे क्रूस विणतात आणि घरी येशूच्या फोटोमागं खोचतात. पुढच्या वर्षी उपवासकाळ सुरू व्हायच्या आधी ती सुकलेली पानं चर्चमध्ये गोळा करायची, जाळायची आणि त्याच राखेचा क्रूस राखेच्या बुधवारी सगळ्यांच्या कपाळावर लावायचा. फिलीपनं शेवटच्या झावळ्यांच्या रविवारी विणलेला क्रूस मावशींनी कधीच दिला नव्हता. तो त्यांच्या घरातल्या येशूच्या फोटोमागं तसाच होता. तो आता त्या जाळायला देणार होत्या. मुलाचा अंत्यविधीच म्हणा ना!

पानं जाळायचं काम दरवर्षी माझ्याकडं. ब्लोलॅम्प माझ्याकडं होता ना! रिवायंडिंगला जुन्या तारांवरचं वार्निश त्यानं जाळतात. राखेच्या बुधवारच्या आदल्या दुपारी मी लोखंडी घमेलं, सांडशी आणि ब्लोलॅम्प घेऊन चर्चच्या मागं गेलो. पानं चरचर करत पेटली. सुकी शिंदी म्हणजे काय, काडी दाखवायचा अवकाश! मग मावशींनी पदराच्या गाठीतून क्रूस काढला. वीतभर लांब, पिवळा पडलेला, कडा फाटलेल्या. ओठांना लावला आणि स्वतःच्या हातानं घमेल्यात टाकला. सुमी त्यांच्या खांद्याला धरून उभी होती. फादर प्रार्थना म्हणत होते.

जाळ त्या क्रुसावरून गेला. बाजूची पानं काळी झाली, चुरगळली, राख होऊन खाली बसली. क्रूस वरच. पिवळाच्या पिवळा.

मला वाटलं, हवा लागत नसेल. सांडशीनं उलटा केला, निखाऱ्यात दाबला. काही नाही! मग मी ब्लोलॅम्प पंप करून पेटवला आणि निळी ज्योत सरळ त्याच्यावर धरली. त्या ज्योतीत तांब्याची तार लाल होते, मी रोज बघतो. माझ्या सांडशीचं टोक लाल झालं. क्रुसाची कडा साधी तपकिरीसुद्धा झाली नाही. धूर नाही, वास नाही. ब्लोलॅम्प बंद केला आणि खुळ्यासारखा हात घालून तो उचलला. हाताला गार लागला. गार! निखाऱ्यातून काढलेली वस्तू!

"ओलं असेल," फादर हळूच म्हणाले.

"ओलं? फादर, फोटोमागं वर्षानुवर्षं सुकलेलं पान ओलं कसं असंल?" मी ओरडलोच. "आणि ओलं असलं तरी वाफ निघंल की!"

मी त्याचं टोक तोडून बघणार होतो. निदान तेवढं जळतं का ते कळलं असतं. पण मावशींनी झडप घालून क्रूस माझ्या हातातून घेतला. त्यांच्या डोळ्यांत पाणी, आणि तोंडावर… कसं सांगू, इतक्या वर्षांत मी त्यांना तशा हसताना बघितलं नव्हतं.

"जित्याची राख कराया निघालो व्हतो आपुन," त्या म्हणाल्या. "माझा फिलीप जिता हाय."

मी सुमीकडं बघितलं. ती खाली बसली, घमेल्यातली बाकीची राख गोळा केली आणि फडक्यातून गाळायला लागली. दुसऱ्या दिवशी लोकांच्या कपाळाला लावायला राख तर पाहिजे होती.

त्यानंतर जे व्हायचं तेच झालं. मावशींनी साक्ष द्यायला साफ नकार दिला. बातमी गावभर, मग घोडेगावापर्यंत गेली. लोक क्रूस बघायला यायला लागले, आमचे जपमाळा घेऊन आणि बाकीचे नारळ-उदबत्त्या घेऊन. माझ्या दुकानाशेजारचा टायरवाला, जुन्नरचा इस्माईलभाई, तेवढा एकटा मुद्द्याचं बोलला. म्हणाला, "भाऊ, सगळे क्रुसाला बघायला चाललेत. तुमच्या बहिणीला कुणी इचारलं का?"

नव्हतंच विचारलं कुणी! आमच्या चर्चच्या समितीत मी हाच विषय काढला, तर एक शहाणे म्हणाले, "देवानंच खूण दिलीय, मग आपण मधी कशाला?" मी म्हटलं, "खूण दिलीय ना? मग पत्ता पण द्यायचा! कुठं आहे फिलीप? कल्याणला? नगरला? जाऊन कानाला धरून आणतो!" सगळे मला म्हणाले, शांत हो. कसला शांत होतोय!

फादरांनी बिचाऱ्यांनी तरीही बिशपांच्या कार्यालयात कळवलं. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं. त्यात दोन गोष्टी होत्या. एक, क्रुसाबाबत चमत्काराचा कोणताही दावा करू नये आणि त्याची जाहीर भक्ती होऊ देऊ नये. दोन, खुद्द आई मुलगा जिवंत असल्याचं म्हणत असताना मृत्यूची खात्री धरता येत नाही, आणखी चौकशी करावी. बघा म्हणजे! चमत्कार झाला असंही म्हणायचं नाही, आणि माणूस मेला असंही म्हणायचं नाही. मग माझ्या बहिणीनं करायचं काय? लोणचं घालायचं स्वतःचं? आणि रागवायचं तरी कुणावर? फादरांवर? ते आमच्याच बाजूनं होते. मावशींवर? आपलेच दात, आपलेच ओठ.

मी माझ्या परीनं शोध घेतला. शिंदीची पानं तुरटीच्या पाण्यात भिजवून सुकवली आणि पेटवली. जाळ कमी झाला, पण काळी पडलीच. मिठाचं पाणी लावून बघितलं, वार्निश लावून बघितलं. वार्निशवालं तर असं भडकलं की माझी भुवई गेली. घोडेगावच्या कॉलेजातल्या एका सरांना विचारलं. ते म्हणाले, वस्तू आणून दाखवा. वस्तू मावशी देईनात. एकदा मी त्यांच्या घरी जाऊन हात जोडले, "मावशी, एकदाच द्या. तुमच्यासमोर परत जाळून बघतो."

"दुसऱ्यांदा जाळायचं? पोटच्या पोराला?" त्या म्हणाल्या.

एका दुपारी बोर्डिंगात गेलो, तर सुमी एकटीच भाकऱ्या थापत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "दादा, एक सांगशील? देवाला एवढं करता आलं, तर नीट सांगायला काय झालं व्हतं? जळलं न्हाई म्हंजी तो जिता हाय? का तो मला सोडत न्हाई म्हनायचं? का मीच वाट बघावी असं हाय? का नुसतंच जळलं न्हाई?" आणि थापलेली भाकरी तव्यावर टाकायचं सोडून तिनं परातीत आपटली. तिला तसं चिडलेलं मी पहिल्यांदा बघितलं. जिच्यासाठी खूण होती म्हणे, तिला त्या खुणेचा अर्थ कळू नये, ही कुठली रीत?

फादर बेंजामिनची बदली झाली. नवे फादर वयस्कर, नियमाला पक्के. ते म्हणाले, पहिल्यापासून सगळं परत बघू. पहिल्यापासून! तेव्हा स्टीफन पहिल्यांदा माझ्याशी मोठ्यानं बोलला, "भाऊ, आमी आता किती थांबायचं?" मी म्हटलं, थांबू नका. कायद्याची सात वर्षं कधीच उलटली होती, दोघांनी कोर्टात लग्न केलं. मी साक्षीदार. मार्थामावशी आल्या नाहीत. सुमी निघताना त्या आतल्या खोलीत जाऊन बसल्या, दार लावून. सुमीनं बाहेरूनच उंबऱ्याला हात लावला आणि स्टीफनच्या टेम्पोत बसली. बरेच महिने दोघी बोलल्या नाहीत. एकमेकींची चौकशी मात्र दोघी माझ्याकडंच करायच्या. एकीला सांगायचं, हो खाल्लंय तिनं. दुसरीला सांगायचं, हो औषध घेतात त्या. मी काय पोस्टमन होतो?

पण सुमीनं मिस्सा सोडला नाही. रविवारी निमगाव साव्याहून दोघं यायची आणि सगळ्यात मागच्या बाकावर बसायची. प्रभुभोजनाची वेळ झाली की लोक रांगेनं वेदीकडं जायचे आणि ही दोघं मान खाली घालून बसून राहायची. जाणारे-येणारे वळून बघायचे. मला त्या वेळी माझा घास गिळवायचा नाही. मार्थामावशी पहिल्या बाकावर असायच्या आणि रांगेत नेहमी पहिल्या. त्या मागं वळून बघायच्या नाहीत.

एका रविवारी, पुनरुत्थानाच्या सणानंतरची, म्हणजे ईस्टरनंतरची गोष्ट आहे, फादर प्रभुभोजन घेऊन पुढं आले. मावशी उठल्या. त्या पुढं जाणार म्हणून मागची मंडळी त्यांच्या मागं उभी राहिली. मावशी वेदीकडं पाठ करून वळल्या आणि मधल्या वाटेनं मागं चालायला लागल्या. सगळं चर्च बघतंय. मला वाटलं, बरं वाटत नसेल, बाहेर चालल्यात. त्या शेवटच्या बाकापाशी गेल्या, सुमीला म्हणाल्या, "सरक पलीकडं," आणि तिच्याशेजारी बसल्या.

मिस्सा संपल्यावर नवे फादर दारात उभे होते. त्यांनी विचारलं, "मार्थाबाई, तुम्ही का नाही आलात? तुम्हाला तर काही अडचण नाही."

मावशी म्हणाल्या, "माझा फिलीप जिता हाय, फादर. त्यात बदल न्हाई. पन ही माझी सून हाय. हिचं ताट मोकळं ठिवून मी न्हाई जेवायची."

फादरांनी समजावलं. पुढच्या रविवारी परत समजावलं. प्रवचनातूनही आडून बोलले. मावशी काही पुढं गेल्या नाहीत, त्या रविवारी नाही आणि नंतर कधीच नाही. सुमी रडून सांगायची, आत्याबाई, असं करू नका, लोक मला बोलतात. त्या म्हणायच्या, बोलू दे.

क्रूस आता सुमीकडं आहे. मी तो परत जाळायचा प्रयत्न केला नाही. खूप जणांनी खूप सांगितलं, कुणी म्हणतं पानात काही क्षार असतील, कुणी म्हणतं तुझा ब्लोलॅम्प बिघडला असेल. त्याच ब्लोलॅम्पनं मी त्या संध्याकाळी दोन मोटरींचं वार्निश जाळलं, काय बिघडलंय त्याला! फिलीपचा पत्ता अजून नाही. मेला असेल तर क्रूस का जळला नाही, आणि जिवंत असेल तर इतक्या वर्षांत का आला नाही, याचं उत्तर मला मिळालेलं नाही. वाचकांपैकी कुणाकडं असेल तर जरूर कळवा, पण खूण-बिण सांगू नका.

मार्थामावशी आजारी पडल्या तेव्हा सुमीच त्यांच्याजवळ होती, निमगाव साव्याहून येऊन राहिली होती. शेवट आलाय असं दिसल्यावर मी फादरांना घेऊन गेलो. त्यांनी कपाळाला आणि हातांना पवित्र तेल लावलं. ते मावशींनी लावून घेतलं. मग फादरांनी प्रभुभोजनाची डबी उघडली. मरणाच्या वाटेवरचं शेवटचं जेवण असतं ते आमच्यात, त्याच्यासाठी माणूस आयुष्यभर प्रार्थना करतो. मावशींनी डोळे उघडले आणि विचारलं, "सुमीला बी देताय का?"

 फादरांचा हात तसाच पुढं होता. सुमी मावशींचा हात दाबून म्हणत होती, "घ्या हो आत्याबाई… माझ्यासाठी तरी घ्या." मी पायाशी उभा होतो. मीही म्हटलं, मावशी घ्या.

मावशींनी सुमीकडं बघितलं आणि तोंड मिटून घेतलं.